आमरसाचा डबा उघडल्यावर उरलेला रस कसा ठेवायचा?

माहेरवाशीण, ठाणे
नमस्कार मंडळी. माझा भाऊ दर मे महिन्यात राजापूरला घरचा आंबा कॅनिंगवाल्याकडे देऊन डबे भरून घेतो, त्यातले काही आमच्याकडे येतात. डबा ८५० ग्रॅमचा आणि घरात आम्ही दोघंच, त्यात ह्यांना डायबेटिस. अर्ध्याहून जास्त रस उरतोच. मी डब्यावर ताटली ठेवून तसाच फ्रिजमध्ये सरकवते. परवा सून म्हणाली, "आई, पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, विष होतं." खरंच का? किती दिवस चालतो? नातवंडांसाठी फोडलेला स्वीटकॉर्नचा डबाही अर्धा पडून आहे, त्याचंही सांगा.

खवय्या डोंबिवली
विष वगैरे काही नाही हो. आमची आई अननसाचा डबा तसाच फ्रिजात ठेवायची, आठवडाभर पुरवून खायचो. शेवटी शेवटी जरा लोखंडासारखा लागायचा, एवढंच.

नाना रत्नांग्रीकर
खवय्ये, ते "जरा लोखंडासारखं" आहे ना, त्यातच सगळं आलं.

माझी नोकरी इकडे कॅनिंगच्या कारखान्यात गेली, आधी सीमिंग मशीनवर, म्हणजे झाकणाची कडा दुमडून डबा बंद करणाऱ्या मशीनवर, मग क्वालिटीला. तेव्हा थोडं लांबण लावतो. डबा पोलादी पत्र्याचा आणि त्यावर कथलाचा पातळ थर, आपल्या पितळी पातेल्याला कल्हई असते तसा. बऱ्याच डब्यांत त्यावर आणखी लॅकर, म्हणजे वार्निशासारखा लेप, मारतात. अननसाला मात्र पुष्कळदा मुद्दाम नुसतं कथील ठेवतात, कारण ते किंचित विरघळलं की फळाचा रंग उजळ राहतो. बंद डब्यात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून हे फार संथ चालतं. डबा उघडला की हवा लागते आणि आंबट रसात कथील भराभर उतरतं. युरोपात डबाबंद अन्नात किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याच्या बरंच वर गेलं तर मळमळतं, पोटात कळा येतात. म्हणजे सूनबाई बोलल्या जरा कडक, पण चुकीचं नाही. अमेरिकेचं कृषी खातं उघडा डबा झाकून फ्रिजमध्ये चालेल म्हणतं, पण चव राखायची तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात काढा, असंही सांगतं. एक बरणी जास्तीची घासावी लागेल, बाकी काय!

मला पत्र्यापेक्षा दिवसांची काळजी जास्त. आमरस आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली, म्हणून डबे उकळत्या पाण्यात ठेवले तरी भागतं. मक्याचं तसं नाही. त्याला रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास न्यावं लागतं, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. पण एकदा डबा फोडला की कारखान्याची मेहनत तिथेच संपली. पुढे चमच्याचे, हाताचे, ओट्यावरचे जंतू. मका, छोले, राजमा, मशरूम, नारळाचं दूध, मासे हे सगळं ३-४ दिवसांत संपवा. आंबट वस्तूंना ५-७ दिवस देतात, पण तो हिशोब ४ अंशांवर राहणाऱ्या फ्रिजचा. मे महिन्यात घरात नातवंडं असली की फ्रिजचं दार मिटत नाही, हे कोण मोजतंय? मी रस चौथ्या दिवसापुढे ठेवत नाही.

आणि ताई, उरेल ते जेवण झाल्यावर काढू नका. डबा फोडल्याफोडल्या कोरड्या डावाने उरणारा भाग बरणीत काढून फ्रिजमध्ये टाका, मग पानं घ्या. दोन तास टेबलावर राहिलेला, दहा चमचे फिरलेला रस चार दिवस टिकणार नाही.

न्यू जर्सीची वहिनी
इथेही इंडियन स्टोअरमध्ये ८५० ग्रॅमचाच डबा मिळतो. मी लगेच बर्फाच्या ट्रेत गोठवते, मग वड्या झिपलॉक पिशवीत, वर तारीख. मिस्टरांना हव्या तेवढ्याच दोन वड्या काढता येतात. प्लास्टिकच्या डब्यात गोठवलात तर वर बोटभर जागा सोडा, रस फुगतो. आणि वड्या फ्रिजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नाही.

माहेरवाशीण, ठाणे
वड्यांची युक्ती फारच आवडली, ह्यांच्यावर नजरही राहील! मक्याचा पाचवा दिवस होता, टाकला. नाना, आणखी दोन गोष्टी. कंडेन्स्ड मिल्क उरलंय. आणि भावाच्या डब्यांतला एक वरून फुगलाय, दाबला की टक् वाजतो. उघडून जराशी चव बघू का?

नाना रत्नांग्रीकर
मुळीच नाही! आत वायू धरलाय. आमरसात कधी सीम, म्हणजे झाकणाची दुमडलेली कडा, गळकी निघते आणि रस आंबतो, कधी आम्लाने पत्रा खाऊन हायड्रोजन धरतो, पण बाहेरून बघून मलासुद्धा छातीठोक सांगता यायचं नाही. बोट्युलिझमच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाका, गुरांना घालू नका. त्याच दिवशी भरलेल्या बाकीच्या डब्यांच्या कडा बघा. सीमवर चेपलेला किंवा गळून चिकट झालेला असेल तो बाद, आणि भावाला आजच फोन करा, त्याच्याकडेही त्याच भरतीचे असतील.

कंडेन्स्ड मिल्क साखरेमुळे बाकीच्यांपेक्षा बरं टिकतं. काचेच्या बरणीत काढा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि चमचा कोरडा.