ग्रोटेस्क म्हणजे बीभत्स? मला पटत नाही

वेलबुट्टी
नाटक-सिनेमाच्या मराठी परीक्षणांत 'ग्रोटेस्क' म्हणजे बीभत्स असं धरूनच लिहिलेलं असतं. पडद्यावर रक्त-आतडी दिसली की लावला शब्द. माझं म्हणणं असं की या शब्दाचा गाभा किळस नाहीच, सरमिसळ आहे. तो जन्मला कुठे ते बघा.

इ.स. ६४ मध्ये रोम जळालं आणि सम्राट नीरोने तिथे 'दोमुस आउरिआ', म्हणजे सोन्याचा महाल, बांधायला घेतला. पुढे सम्राट ट्राजनने त्यातल्या खोल्या मातीने भरून वर स्नानगृहं उभारली. या भरावामुळेच आतली चित्रं वाचली. १४८० च्या सुमारास त्या खोल्यांचा पत्ता लागला तेव्हा लोकांना त्या गुहाच वाटल्या. इटालियनमध्ये गुहेला ग्रोत्ता म्हणतात, म्हणून तिथली चित्रं ती ग्रोत्तेस्के. चित्रकार दोराने खाली उतरत आणि दिवे घेऊन भरावावरून सरपटत पार छताशी जात.

तिथे दिसायचं काय? पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक रेघा. देठातून फूल, फुलातून बाईचं अर्धं अंग, तिच्या हातांच्या पुढे वेली झालेल्या. काडीएवढ्या खांबावर अख्खं देऊळ. शेपटाकडे पानं फुटलेले प्राणी. यात घाण कुठेच नाही. १५०२ साली चित्रकार पिंतुरिक्किओला इटलीतल्या सिएनाच्या ग्रंथालयाचं काम मिळालं, त्या करारातही छतावर 'हल्ली ज्याला ग्रोत्तेस्के म्हणतात' तसली नक्षी मागितली आहे. पुढे राफाएल आणि जोव्हान्नी दा उदिने या चित्रकारांनी हीच रीत थेट पोपच्या व्हॅटिकनमधल्या सज्जांत नेली. किळस आणायला कुणी पोपच्या घरात चित्रं काढत नाही.

तिसरी_घंटा
इतिहास छान सांगितलात, निष्कर्ष मात्र अजिबात मान्य नाही. शब्द जन्मला कुठे यावर त्याचा आजचा अर्थ ठरत नसतो. धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा होता, आज आपण मुलांना हौसेने साहस शिबिराला पाठवतो. ग्रोटेस्कचंही तेच. १८२७ मध्ये फ्रेंच लेखक ह्यूगोने 'क्रॉमवेल' या नाटकाच्या प्रस्तावनेत हा शब्द उदात्ताच्या शेजारी बसवला, तेव्हाच तो नक्षीतून बाहेर पडून माणसाच्या कुरूपतेकडे गेला. १९५७ मध्ये जर्मन अभ्यासक वोल्फगांग कायझरने तर ओळखीचं जग एकाएकी परकं होणं हेच त्याचं मर्म मानलं. रंगमंचावर काम करणाऱ्यांना हाच अर्थ उपयोगी पडतो. वेलीफुलांचं आम्ही काय करायचं?

शिसपेन्सिल
अर्थ सरकतो याचा आमच्या धंद्यातला पुरावा देतो. एकोणिसाव्या शतकात रोमन लिपीचे टोकांना आडव्या रेघा नसलेले छपाईचे टाइप आले. डोळ्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांचं नाव पडलं ग्रोटेस्क. 'अक्झिडेन्झ ग्रोटेस्क' अजूनही वापरात आहे आणि त्याच्याइतकं साधं-सरळ अक्षर शोधून सापडायचं नाही.

उंबरठा
इतकं रोमला कशाला जायचं? आपल्या जुन्या देवळांच्या खांबांवर, उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना! वटारलेले डोळे, वासलेला जबडा, धड नाहीच. हेच आपलं ग्रोटेस्क.

दगडफूल
उंबरठा, इथे थांबा. कीर्तिमुखाला कथा आहे. राहूला गिळायला शंकराने ते निर्माण केलं, राहू शरण आला, मग भुकेल्याला 'स्वतःलाच खा' म्हणून सांगितलं. उरलं फक्त तोंड, आणि शंकराने प्रसन्न होऊन त्याला दारावर मान दिला. त्याची जागा ठरलेली, अर्थ ठरलेला. नीरोच्या छतावरच्या वेलकन्येला ना कथा, ना नेमून दिलेलं काम. एकाचं लेबल दुसऱ्याला चिकटवलं की दोन्हीकडचं बघणं थांबतं.

आपल्याकडे हा शब्द खरोखर लागू पडतो तो मुंबईत, सीएसएमटीसारख्या गॉथिक वळणाच्या इमारतींवर. ज्या दगडी प्राण्याच्या तोंडातून पावसाचं पाणी बाहेर पडतं तो गार्गॉइल, नुसता शोभेचा तो ग्रोटेस्क, असा वास्तुकलेतला काटेकोर फरक आहे. तिथेही बीभत्साचा संबंध नाही.

वेलबुट्टी
तिसरी_घंटा, ह्यूगोचं अर्धंच सांगितलंत. त्याच्या ग्रोटेस्कमध्ये एका बाजूला भयंकर आहे, तर दुसऱ्या बाजूला हास्यकारक. परीक्षणांतून नेमकी ही दुसरी बाजू गायब होते, माझी तक्रार तेवढीच आहे. रोमन कवी होरेसने तर नीरोच्या कितीतरी आधी असंच चित्र कल्पून ठेवलंय: माणसाचं डोकं, घोड्याची मान, कुठून कुठून आणलेली पिसं, वर सुंदर बाई आणि खाली मासा. आणि विचारतो काय, तर मित्रांनो, हे पाहून हसू आवरेल का? त्याला हा प्रकार पसंत नव्हता, तरी त्याच्या मनात आलं ते हसू. जुगुप्सेसाठी आपल्याकडे भरतापासून बीभत्स रस आहेच, नेमका शब्द आहे. तो तिथे वापरा. या दुसऱ्या गोष्टीचं नाव कशाला खर्ची घालता?

तिसरी_घंटा
मग रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हिअसही घ्या. तोही नीरोच्या आधीचाच. खांबाऐवजी बोरू आणि देठावर अर्धी माणसं रंगवणाऱ्यांवर तो भडकला होता. जे नाही, होऊ शकत नाही, कधी नव्हतं, ते का काढता म्हणून. म्हणजे ज्यांना तुम्ही निरागस वेली म्हणताय त्यांनी पहिल्यापासूनच कुणाला तरी अस्वस्थ केलं होतं. भीती नंतर कुणी बाहेरून आणून घातलेली नाही, ती त्या सरमिसळीतच होती.

आणि हसण्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा वकील म्हणजे रशियन अभ्यासक बाख्तिन. कायझरला फक्त अंधार दिसतो ही त्याचीही तक्रार होती. पण त्याने दाखला कोणता दिला? क्रिमियातल्या केर्चच्या भाजक्या मातीच्या मूर्ती. जख्खड म्हाताऱ्या, अंग लोंबलेलं, पोटात मूल, आणि त्या हसताहेत. मरण आणि जन्म एकाच देहात. त्या मूर्तीतलं हसू आणि किळस वेगवेगळी काढून दाखवा, मग मी परीक्षणात तुमचा शब्द वापरेन.