मल्टीतला (म्हणजे बहुमजली फ्लॅटच्या इमारतीतला) कुत्रा : 'खाली नेऊन आणलं की झालं' म्हणणाऱ्यांसाठी

राजेंद्रनगरकर :
आमच्या इंदूरच्या कॉलनीच्या ग्रुपवर काल एका काकांनी लिहिलं : "कुत्र्याला मल्टीत राहायची सवय होते. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं खाली नेऊन आणलं की पुरे. व्यायाम नि खेळ ही हल्लीची फॅडं." त्यावर अंगठ्यांची रांग. तिथे तोंड उघडलं तर पार्किंगचं जुनं भांडण निघेल, म्हणून इथे लिहितोय.

काका, दहा मिनिटांत कुत्रा मोकळा होतो. त्याला फिरणं म्हणत नाहीत. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडला कोळ्यांबरोबर गार पाण्यात राबायचे. बीगल सशांच्या मागावर, शेफर्ड दिवसभर मेंढरांमागे. असं अंग घेऊन जन्मलेलं जनावर आपण गुळगुळीत फरशीवर कोंडतो, आणि त्यानं सोफा फाडला की पाहुण्यांना सांगतो, 'फार मस्तीखोर आहे हो.' खेळायला तो स्वतः बोलावतो. पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून समोर वाकतो. तेव्हा आपण फोनवर. खाली नेलं तरी खांबापाशी थांबला की 'चल चल' करत पट्टा ओढायचा. अहो, वास घेऊ द्या की! पायांबरोबर त्याचं डोकंही दमायला हवं.

माळवी मिरची :
भाषण छान. मे महिन्यात या लोकमान्य नगरात, पारा ४० च्या वर असताना. कुत्र्याला घाम येतो तो पंजांपुरता, बाकी सगळी भिस्त धापेवर. त्यात चपट्या नाकाचा पग असेल तर बघायलाच नको. आमच्या शेजारच्या आजोबांनी असंच काहीसं वाचून पगला भर दुपारी पळवलं. संध्याकाळी घरात रडारड. घरात पंख्याखाली लोळणारा कुत्रा निदान जिवंत असतो.

राजेंद्रनगरकर :
दुपारी पळवा असं मी कुठे लिहिलंय, ताई? रस्ता हाताच्या पालथ्या बाजूला चटका देतोय तोवर कुत्र्याला बाहेर काढूच नये. पहाट नावाची गोष्ट असते.

महूची वारी :
दोघंही वाटीबद्दल बोलत नाही आहात. २००२ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. ४८ लॅब्रॅडॉर, एकाच वेतातल्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांना दिसलं की साधारण दर चार लॅबमागे एकाच्या जनुकातच भुकेचा घोळ असतो. तो उपाशी असल्यासारखा बघणारच. आणि आपल्या इंदुरात घरचा कुत्रासुद्धा शेव खातो! आमच्या सासूबाई चहाबरोबर चारतात, वर म्हणतात, "डोळे बघ गं बिचाऱ्याचे." तो बिचारा आता उचलून महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यावा लागतो. शिवाय मोठ्या जातीच्या पिल्लाला वर्षभर तरी जिने नि उड्या नकोत, हाडांची टोकं कच्ची असतात. 'पळवा पळवा' सांगणारे हे सांगत नाहीत.

राजेंद्रनगरकर :
वजनाचं मान्य, वाटी आधी. पण बारीक कुत्राही कंटाळतो, त्याला डाएट काय करणार?

स्वच्छ इंदुरी :
तुमचा कुत्रा पळो नाहीतर योगा करो, शी कोण उचलणार ते बोला. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवतोय आपण, आणि माझ्या फाटकासमोर रोज सकाळी ताजा प्रसाद.

माळवी मिरची :
मी उचलते हो. टाकू कुठे? कचरागाडीला सहा कप्पे, त्यात हिचा कुठला?

भिया नंबर वन :
ओल्यात टाका. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये त्याचाच गॅस होतो, सिटी बस चालते. टॉमीचाही हातभार लागू दे.

महूची वारी :
अजिबात नाही. त्यात जंतांची अंडी असतात. डायपरच्या कप्प्यात टाका.

माळवी मिरची :
टाकली होती. गाडीवाल्यानं पिशवी परत हातात दिली.

स्वच्छ इंदुरी :
म्हणजे रस्त्यावर सोडायला मोकळ्या? जबाबदारी झेपत नसेल तर पोपट पाळा.

माळवी मिरची :
आणि तुमच्या घरासमोर पानाच्या पिचकाऱ्या मारतं कोण, तेही कुत्रं का? 'मी उचलते' हे वाचता आलं नाही की वाचायचं नव्हतं?

राजेंद्रनगरकर :
अहो, धागा व्यायामाचा आहे!

रामबागचा म्हातारा :
आमच्या वाड्यात कुत्रा कोणी पाळत नसे. तो असायचाच. होळकरांचं गाव, खंडोबाचा मान, म्हणून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा पहिला घास त्याला. दिवसभर गल्ली हिंडायचा. व्यायाम कमी पडला अशी तक्रार कधी ऐकली नाही.

महूची वारी :
काका, मग एक दिवस गाडीखाली जायचा. नाहीतर चावायचा, आणि तुम्हाला पोटात इंजेक्शनं.

रामबागचा म्हातारा :
घेतली आहेत. पण लठ्ठ कुत्रा एकही पाहिला नाही, एवढं तरी लिहून घ्या.

माळवी मिरची :
बरं बाई, हरले. उद्या पहाटे साडेपाचला मल्टीमागच्या रिकाम्या प्लॉटवर बॉल टाकते. राजेंद्रनगरकर, तुम्ही तेवढे पिशवी धरायला या.

स्वच्छ इंदुरी :
पिशवी प्लास्टिकची असेल तर तिचा कप्पा वेगळा.