गादी सरकली, गॅप पडली की उसण भरली?

गुहागरकर: भातलावणीत कंबर धरली. आई म्हणते उसण भरली, मुंबईचा भाऊ म्हणतो स्लिप डिस्क, आणि एक्स-रे बघून मला सांगितलं 'मणक्यात गॅप आहे'. तिन्ही एकच का?

वेंगुर्लेकर: नाही. उसण किंवा चमक म्हणजे स्नायू धरणं. श्वास घेतला तरी कळ येते, पण बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप सुटते. म्हणून तर पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची लाथ 'लागू पडते'! आजोळी शेजारच्या मावशी पायाळू होत्या, सकाळी त्यांच्या पडवीत लोक पालथे पडलेले असायचे.

'गॅप' हा शब्द सगळ्यांत फसवा. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच. तिथे गादी असते आणि ती एक्स-रेत दिसत नाही. गादी झिजली की ही जागा उलट कमी होते.

स्लिप डिस्कला आपण 'गादी सरकली' म्हणतो, तेही खरं नव्हे. गादी वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत मऊ बलक. रायवळ आंबा चोखायला मऊ करताना एकीकडेच जोर पडला की साल फाटून रस येतो ना, तसं. वयाबरोबर बलकातलं पाणी आटतं, कड्याला बारीक चिरा पडतात. मग चिरा (हा जांभ्या दगडाचा!) वाकून उचलला आणि तसंच कमरेत वळलं, की बलक मागच्या बाजूने बाहेर येतो. कधी नुसती शिंकही पुरते. घराण्यात असेल किंवा विडी-सिगरेट असेल तर धोका जास्त.

मालवणकर: बाबांना कळ कमरेपेक्षा पायात जास्त होती. वैद्यांनी 'गृध्रसी' म्हटलं.

वेंगुर्लेकर: तीच सायटिका. गृध्र म्हणजे गिधाड; रोगी तसा लंगडतो म्हणून हे नाव, असं सांगतात. बहुतेकदा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाबते. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी हे दाखवून दिलं. तोवर बाहेर आलेल्या तुकड्याला डॉक्टर गाठच समजत.

गुहागरकर: एमआरआय आला. गादी फुगलीय, फाटलेली नाही. आईला सांगितलं तर विचारते, "मग कापूस काढायचा का?"

वेंगुर्लेकर: फाटली तरी बहुतेकांना काढावा लागत नाही, काही आठवड्यांत दुखणं उतरतं. काही वेळा बाहेर आलेला बलक शरीरच जिरवतं. आणि फुगलेली गादी तर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर लाथ नको, लेप नको, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.