मदत हवी आहे: ईशापूरची जुनी थ्री नॉट थ्री, 950 डॉलर मागतोय, घेऊ का?

मंडळी, जुन्या लष्करी रायफलींमधलं कळणारं कोणी असेल तर जरा सांगा. "बंदूक कशाला हवी" हा सल्ला घरी रोज फुकट मिळतोय, तेवढा सोडून.

मी ओहायोत असतो. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले, त्यांचा रायफल घेतलेला एक पिवळा पडलेला फोटो गावाकडे आहे. मी स्वतः एनसीसीत डीपी रायफल, म्हणजे परेडपुरती, कधी न उडणारी, खांद्यावर घेऊन उन्हात उभा राहिलोय, तिचं वजन अजून आठवतं. भारतात थ्री नॉट थ्री म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, आपल्याला काय मिळणार, पण इथे भारतातून सरप्लस, म्हणजे लष्कराला नको झालेल्या म्हणून विकलेल्या रायफली फिरत असतात. तर यंदा नागरिकत्व झालं आणि म्हटलं एक घेऊच, शक्यतो बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातली.

आता झालंय असं की ऑनलाईन लिलावात भाव बघून डोकं गरगरलं. एकाने 1943 ची ईशापूर लावलीय, बाय नाऊ 950, लिलावात बोली 610 वर आहे आणि खाली "रिझर्व्ह नॉट मेट", म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेला किमान भाव अजून गाठलेला नाही. वर्णनात "इटलीत लढलेली, अत्यंत दुर्मिळ". इटली वाचून मी पाघळलो हे कबूल करतो. त्याला मेसेज केला की इटलीचा काही कागद आहे का, तर उत्तर आलं "आय नो व्हॉट आय हॅव". बरं बाबा.

मग मी फोटो मोठे करून बघत बसलो. बट सॉकेटवर, म्हणजे मागचा लाकडी दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी भागावर, मुकुट, जीआरआय (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं), ईशापूर, 1943, इथवर ठीक. पण बोल्टच्या दांड्यामागचा नंबर रिसीव्हरशी, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य भागाशी, जुळत नाही, नोजकॅपचा (नळीच्या टोकाकडची लोखंडी टोपी) फोटोच दिलेला नाही, आणि लाकडातून मॅगझिनच्या पुढे एक स्क्रू आरपार गेलाय, जो माझ्या समजुतीप्रमाणे भारतात नंतर मजबुतीसाठी मारायचे. बॅरलवर इम्पोर्टरचा बारीक शिक्का पण आहे. म्हणजे इटलीहून कुणा सैनिकाने आणलेली वगैरे नाही, कितीतरी वर्षांनी सरप्लसच्या पेटीतून इम्पोर्टरने आणलेली, बरोबर ना? आणि बोल्ट दुसऱ्याच रायफलचा असेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे गोळीसाठी उरणारी जागा, गेजने तपासल्याशिवाय उडवायची पण सोय नाही. बोअरचा, म्हणजे नळीच्या आतला, फोटो मागितला तर "गुड फॉर एज" एवढंच.

वर गंमत म्हणजे फोटोत खाली अंथरलेला हाच फुलाफुलांचा गालिचा आणि त्यावर हीच रायफल मी मार्चमधल्या जाहिरातीतपण पाहिली होती, तेव्हा 800 मागत होता. विकली गेली नाही म्हणून भाव वाढवला?! आणखी एका महाभागाने 1967 ची 2ए1, म्हणजे ईशापूरचंच नंतरचं मॉडेल, "डब्ल्यूडब्ल्यू टू इंडियन आर्मी" म्हणून टाकलीय, अरे ती 7.62 ची, 1962 च्या चीन युद्धानंतर बनवलेली, 12 गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन डोळ्यासमोर दिसतंय. आणि त्यावरही लोक बोली लावतायत.

रेंजवरचे म्हातारे सांगतात की 2010 च्या आसपास मोसिन नागांत, म्हणजे जुनी रशियन लष्करी रायफल, शंभर डॉलरच्या आत मिळायची, ते ऐकून तर जेवण जात नाही.

तर प्रश्न असे. मागणी भाव सोडून खरोखर कितीला विकल्या गेल्या हे तुम्ही कुठे बघता, संपलेल्या लिलावांच्या यादीत की आणखी कुठे? नंबर न जुळणाऱ्या ईशापूरला तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल? शिपिंग आणि इथल्या लायसन्सवाल्या दुकानाची ट्रान्सफर फी वेगळी, म्हणून सी अँड आर, म्हणजे जुन्या हत्यारांच्या संग्राहकाचं लायसन्स काढू का, 30 डॉलर तीन वर्षांसाठी, पन्नास वर्षांपेक्षा जुनं हत्यार थेट घरी येतं म्हणे, कुणी काढलंय का? आणि गन शोला जाऊन नळी स्वतः डोळ्याने बघून घेणं बरं का?

लिलाव रविवारी रात्री संपतोय, शेवटच्या 15 मिनिटांत बोली आली की परत 15 मिनिटं पुढे ढकलतात, म्हणजे जागरण आहेच. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.