समलिंगी विवाह: संसदेची वाट बघत महाराष्ट्राने गप्प बसायचं का?

पिंपळपान

समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला संसदेवर सोपवला. लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि धार्मिक विधींशिवाय नोंदणी पद्धतीने लग्न करू देणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची शब्दरचना आम्ही बदलणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. लग्न नाही तर निदान जोडीदार म्हणून मान्यता मिळावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

संसदेकडून लवकर काही होईल असं दिसत नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं. ती लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळलं.

म्हणून माझा मुद्दा वेगळा आहे. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला. महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. आता तरी त्या वेळाचा उपयोग करा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. वीस वर्षं एका घरात राहिलेल्या जोडीदाराला दिलं तर विक्रीइतकं. पाच टक्के धरले तरी ८० लाखांच्या फ्लॅटला चार लाख होतात. ही सवलत राज्याने दिलेली आहे आणि वाढवणंही राज्याच्याच हातात आहे. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही. याला कोणाचा विरोध असेल तर कारणासकट लिहा.

माधवकाका_सातारा

माझा विरोध आहे आणि कारणही सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने दंड संहितेच्या ३७७ कलमातून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे खाजगी संबंध वगळले. ते योग्यच झालं. कोणाच्या घरात डोकावायचा सरकारला अधिकार नाही. पण गुन्हा नसणं वेगळं आणि समाजाने मान्यता देणं वेगळं. विवाह हा आमच्याकडे संस्कार आहे. दोन कुळं जोडली जातात, पुढची पिढी त्यातून येते. तुम्ही म्हणाल विशेष विवाह कायदा हा संस्काराचा कायदा नाही. बरं, तो उघडून बघा. चौथ्या कलमात पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं. पोटगी पत्नीला. घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीसाठी राखलेली. ही कलमं बाईच्या संरक्षणासाठी आहेत. एक वीट काढली की बाकीचं कशावर उभं राहणार?

तुमची २०० रुपयांची सूचना म्हणजे मागच्या दाराने विवाहाची मान्यता आहे. आज मुद्रांक, उद्या दत्तक. जे करायचं ते लोकांसमोर, निवडून आलेल्या सभागृहात, पूर्ण चर्चा करून करा.

वकील_ठाणे

काका, चर्चा सभागृहात व्हावी हे मान्य. पण तोवर लोक मरायचे थांबत नाहीत. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण ओळख पटणार नाही इतपत सांगते.

दोन पुरुष, चौदा वर्षं एकत्र. फ्लॅट एकाच्या नावावर, कारण कर्ज त्याच्या पगारावर मिळालं. हप्ते दोघांनी भरले. दुसऱ्याने सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरून घेतला होता आणि तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता. पहिला हृदयविकाराने गेला. तेराव्याच्या आत धाकटा भाऊ आईला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात हजर. हा माणूस तो फोल्डर घेऊन माझ्याकडे आला, माझ्या टेबलावर अर्ज सरळ करून ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, यावर माझं नाव आहे."

नाव होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर प्रकरणात शेअर्सच्या बाबतीत हेच पुन्हा सांगितलं. सहकारी संस्था कायद्याच्या १५४ब-१३ कलमानुसार नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद होतो, खरा वारस ठरेपर्यंत. आणि वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको-मुलं नसलेल्या पुरुषाची पहिली वारस आई. आई नसेल तर वडील, मग भाऊ-बहिणी. जोडीदार त्या यादीत कुठेच नाही. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. चाळिशीत कोण करतं?

पिंपळपान यांनाही एक सांगते. मुद्रांक शुल्क माफ झालं तरी आयकर राहतोच. नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजारांवरची मालमत्ता फुकट मिळाली की ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. नवरा-बायकोला ही सूट आहे. याच तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. म्हणजे राज्याने आपलं दार उघडलं तरी केंद्राचं बंदच राहील. तरीही राज्याने उघडावं.

गोदाकाठ

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये दोन गोष्टी केल्या, त्या इथे नोंदवतो. समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने केला. रेशन कार्डावर जोडीदाराला एकाच कुटुंबात धरा, असं राज्यांना कळवलं गेलं. रेशन कार्डावर कुटुंब चालतं, मग बक्षीसपत्रावर का नाही?

रानवारा

मला या सगळ्या सूचनांचा मनापासून त्रास होतो. इथे शुल्क माफ करा, तिथे रेशन कार्डावर नाव घाला. आम्ही काय भंगार गोळा करणारे आहोत, की जे मिळेल ते पोत्यात भरायचं? मी आणि माझी जोडीदार कोल्हापूरजवळच्या तालुक्याच्या गावात राहतो. ती डेअरीत कामाला आहे, माझं शिलाईचं दुकान आहे. २०२३ मध्ये सरकारने न्यायालयात लिहून दिलं की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. १९८७ मध्ये मध्य प्रदेशात लग्न केलं म्हणून ज्या दोघींची नोकरी गेली, त्या महिला पोलीस शिपाई होत्या. त्या कुठल्या उच्चभ्रू?

आम्हाला लग्न हवं आहे. बाकीच्यांना मिळतं तेच, त्याच नावाने. वेगळ्या रजिस्टरात वेगळी नोंद म्हणजे वेगळी पंगत.

सोलापूरची_लेक

मी इथे क्वचित लिहिते. माधवकाका, संस्काराबद्दल लिहिलंत म्हणून लिहिते आहे.

माझं लग्न २०११ मध्ये झालं. रीतसर, बघून, पत्रिका जुळवून. मुलाच्या घरी माहीत होतं. आईला तरी नक्कीच. "लग्न झालं की ठीक होईल" या भरवशावर मला त्या घरात आणलं. तो वाईट माणूस नव्हता. रोज रात्री जेवण झालं की दुकानाची वही घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा. आधीच मांडलेला हिशेब पुन्हा मांडायचा. मी झोपल्याची खात्री झाली की आत यायचा. मी कितीदा तरी जागी असून डोळे मिटून पडून राहिले. पुढे सगळे म्हणाले, हिलाच नवरा आपलासा करता आला नाही. परस्पर संमतीने वेगळे झालो तेव्हाच त्याने मला खरं सांगितलं. आम्ही दोघंही रडलो.

माझ्या लग्नात सगळे संस्कार झाले होते. कन्यादानासकट. त्या आईकडे मुलाला देण्यासारखा दुसरा रस्ता असता, चार लोकांत सांगता येईल असा, तर तिने माझं आयुष्य त्यात घातलं नसतं असं मला वाटतं. म्हणून मी रानवारा यांच्या बाजूने आहे.

माधवकाका_सातारा

ताई, तुमच्यावर झाला तो उघड अन्याय आहे. फसवून लग्न लावणाऱ्यांना मी कधीच पाठीशी घालणार नाही. पण त्यावर उपाय म्हणजे मुलाने आणि आईबापांनी खरं बोलणं. ते कायद्याने येत नाही, समाजात सांगायची हिंमत आली की येतं. आधी समाज, मग कायदा.

सोलापूरची_लेक

काका, विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला १८९३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, तरी मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकलाच. समाज तयार होण्याची वाट बघितली असती तर कर्व्यांच्या पाठीशी कायदाही नसता.

माधवकाका_सातारा

उदाहरण बिनतोड आहे, पण त्यातच माझाही मुद्दा आहे. कायदा ३७ वर्षं होता आणि पुनर्विवाह हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्व्यांनी आश्रम काढला, मुली शिकवल्या, तेव्हा फरक पडला.

तरी वकीलताईंच्या त्या फोल्डरवाल्या माणसाचा मी दोन दिवस विचार करतो आहे. चौदा वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला घराबाहेर काढणं हे माझ्या कुठल्याच संस्कारात बसत नाही. माझ्या दोन अविवाहित आत्या जन्मभर एका घरात राहिल्या. थोरलीने धाकटीला घर द्यायचं ठरवलं तर तिलाही ही २०० रुपयांची सवलत नाही, कारण बहीण त्या यादीत नाही. तेव्हा नातं न विचारता, दहा वर्षं एका घरात राहिल्याचा पुरावा देणाऱ्या कोणत्याही दोघांना ही सवलत द्या. त्या अर्जावर मी सही करेन. विवाह कायद्याला मात्र हात लावू नका.

रानवारा

काका, सही जरूर करा. तुमच्या आत्यांनाही घर मिळायला हवं. पण आम्ही दोघी बहिणी नाही. गावात घर भाड्याने घेताना बहिणी आहोत असं सांगावं लागलं, तेच आता सरकारी कागदावर सांगायचं का? सवलत घेईन आणि लग्नाची मागणीही सोडणार नाही.

वकील_ठाणे

रानवारा, मागणी सोडूच नका. पण तोवर या महिन्यात दोघींनी आपापलं मृत्युपत्र करा. महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर तो आयकरही लागत नाही. दोन साक्षीदार घ्या, ज्यांना त्यातून काहीही मिळणार नाही असे. डॉक्टरांचा दाखला जोडा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. ती सक्तीची नाही, पण पुढे कोणी भाऊ उभा राहिला तर उपयोगी पडते. डेअरीतल्या भविष्यनिधीवर आणि विम्यावर कोणाचं नाव आहे, तेही तपासा. मसुदा लागला तर निरोप पाठवा, फी घेणार नाही.