स्कॅनची तारीख संगणकाने द्यावी का? नाशिकच्या रुग्णालयांपुरती चर्चा

गोदाकाठ

एमआरआय, सीटी आणि सोनोग्राफीच्या तारखा देण्याचे काम रुग्णालयांनी संगणक प्रणालीकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकमध्ये शहरातल्या रुग्णांबरोबरच पेठ, सुरगाणा, कळवणपासून थेट नांदगावपर्यंतचे रुग्ण तपासणीसाठी येतात, त्यामुळे इथे तर ते लवकर व्हायला हवे. रुग्णालयांच्या संगणक विभागात काम करत असल्याने तारखांची रजिस्टरे मी जवळून पाहिली आहेत. दहाच्या ओळीतल्या नावावर काट मारलेली असते, बाण काढून ते साडेबाराच्या ओळीत नेलेले असते, समासात ‘साहेबांचा पेशंट’ असे लिहिलेले असते, आणि ज्याचे नाव खाली सरकले त्याला ते कोणी कळवले की नाही याची नोंद कुठेच नसते.

मोकळी वेळ शोधून नाव लिहिणे एवढेच काम असते तर रजिस्टर पुरले असते. पण पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी यावे लागते आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले लागते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावे म्हणून दिले जाणारे औषध, देऊन सीटी करायचा असेल तर अनेकदा क्रिएटिनीनचा, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करते का ते सांगणारा, रिपोर्ट आधी पाहावा लागतो. लहान मुलाचा एमआरआय गुंगी देऊन करायचा असेल तर भूलतज्ज्ञ त्याच वेळी मोकळे असावे लागतात. पेट-सीटी या तपासणीआधी रुग्णाला जे किरणोत्सारी औषध टोचतात, त्यातल्या फ्लोरिन-१८ ची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे रुग्ण उशिरा आला तर त्याच्यासाठी मागवलेला डोस वाया जातो. फोन वाजत असताना, खिडकीवर रांग असताना या सगळ्या अटी एका माणसाने डोक्यात ठेवाव्यात ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. शिवाय एमआरआयचा अतिवाहक चुंबक आत रुग्ण असो वा नसो, चोवीस तास चालूच असतो. एखाद्याची वेळ रिकामी गेली म्हणून खर्च थांबत नाही आणि मागे थांबलेल्यांची यादीही कमी होत नाही.

सुरगाणा रोड

गोदाकाठ, रजिस्टरचे आपले वर्णन मला मान्य आहे, त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मी आमच्या भागातल्या रुग्णांसोबत नाशिकला येत असतो. सुरगाणा ते नाशिक हे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचे आहे आणि पाड्यावरून मुख्य रस्त्यावर यायचा वेळ त्यात धरलेला नाही. खिडकीवरच्या ज्या बाई केसपेपरवरचे गाव वाचून ‘यांना अकराच्या आत बोलावू नका, गाडी पोहोचत नाही’ असे सांगतात, त्यांचे ते ज्ञान कोणत्या रकान्यात भरणार आहात? प्रणाली सकाळी साडेआठची वेळ देईल, तसा संदेश इंग्रजीतून पाठवेल, आणि तो ज्या पुतण्याच्या फोनवर जाईल तो द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेला असेल. रुग्ण आला नाही की ‘गैरहजर’ अशी नोंद होईल, आणि आदल्या रात्रीपासून उपाशी राहून, रोजगार बुडवून तो दुपारी पोहोचला होता हे त्या नोंदीत कुठेही दिसणार नाही.

ही नोंद पुढे काय करते तेही पाहा. कोण गैरहजर राहील याचा अंदाज बांधणाऱ्या प्रणाली अशा रुग्णाच्या वेळेवर दुसरेही नाव लावून ठेवतात. दोघेही आले तर दोघांपैकी एकाला ताटकळावे लागते. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की या पद्धतीमुळे कृष्णवर्णीय रुग्णांना इतरांपेक्षा जास्त वेळ थांबावे लागते, कारण पूर्वीच्या गैरहजेरीचा, म्हणजेच पूर्वीच्या गैरसोयीचा, भार पुन्हा त्यांच्यावरच टाकला जातो. नाशिक जिल्ह्यात हा भार आदिवासी तालुक्यांवर पडेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

क्ष-किरण

मी एमआरआय टेक्निशियन आहे. आपण दोघे खिडकीविषयी बोलत आहात, पण आमची वेळ खिडकीच्याही आधी, डॉक्टरांच्या चिठ्ठीत वाया जाते. चिठ्ठीवर ‘एमआरआय स्पाईन’ एवढेच लिहिलेले असते. मान की कंबर, कॉन्ट्रास्ट हवे की नको, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, शरीरात पेसमेकर आहे का, यांपैकी काहीही नसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगारांना तर आम्हाला वेगळे विचारावे लागते की ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. उत्तर ‘हो’ असेल आणि कण पूर्ण निघाल्याची खात्री नसेल, तर आधी डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय त्या माणसाला चुंबकाजवळ नेता येत नाही. हा प्रश्न रुग्ण गाऊन घालून दाराशी उभा असताना विचारला गेला तर तारीख माणसाने दिली होती की यंत्राने, याने काही फरक पडत नाही. ती वेळ गेलीच.

म्हणून माझे म्हणणे असे की सुरक्षेची प्रश्नावली रुग्णाशी प्रत्यक्ष बोलून, त्याच्या भाषेत, प्रशिक्षित माणसानेच भरावी आणि ती पूर्ण झाल्याखेरीज प्रणालीने तारीख देऊच नये. बाकी रुग्णाचे नाव, वय आणि तपासणी नोंदणीतून थेट यंत्राच्या पडद्यावर येण्याची जी सोय असते, ती आम्हाला मनापासून हवी आहे; हाताने पुन्हा नाव भरताना एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावावर जाण्याची भीती तिने पुष्कळच कमी होते.

पंचवटीकर

वशिल्याचा मुद्दा या चर्चेत मागे पडू नये. माझ्या आईची तारीख एका रुग्णालयात पुढे ढकलली गेली तेव्हा कारण विचारले, तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. ज्यांना गावाची काळजी आहे त्या बाई जशा खिडकीवर बसतात, तसेच वरून आलेल्या फोनपुढे मान तुकवणारेही तिथेच बसतात. प्रणालीत निदान कोणी, केव्हा आणि कोणाच्या नावाने बदल केला याची नोंद राहते.

गोदाकाठ

सुरगाणा रोड, दुहेरी नावे लावण्याला माझाही विरोध आहे आणि ती सोय रुग्णालयाला बंद ठेवता येते. एकाच्या वेळेवर दुसऱ्याला बसवायचे की नाही, हा निर्णय प्रणाली विकणाऱ्याने नव्हे, रुग्णालयाने घ्यायचा असतो. तातडीचा क्रम रेडिओलॉजिस्टने ठरवावा, प्रणालीने तो पाळावा, आणि कोणाला तो मोडायचा असेल तर कारण लिहिल्याशिवाय मोडता येऊ नये. पक्षाघाताचा किंवा अपघाताचा रुग्ण कधीही येतो, त्याच्यासाठी रोज काही वेळ राखीव ठेवावीच लागते. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद असताना कोणत्या भागातल्या रुग्णांना आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात बोलवावे, हे रजिस्टर चाळून ठरवणे अशक्य आहे. पत्त्यानुसार याद्या हाताशी असल्या तरच ते जमेल. आपल्या त्या बाईंचे ज्ञान मला गमवायचे नाही. गावानुसार सर्वात लवकरची शक्य वेळ हा नियम त्यांच्याकडूनच लिहून घेता येतो, म्हणजे त्या रजेवर असल्या तरी तो पाळला जाईल.

सुरगाणा रोड

नियम लिहून घ्या, पण गाड्यांच्या वेळा बदलतात आणि पावसाळ्यात घाटातला रस्ताही बंद पडतो. तो नियम दर हंगामात कोण तपासणार, हे ठरल्याशिवाय माझा विरोध कायम राहील. माझी मागणी याहून साधी आहे. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी मिळते त्याच टेबलावर, रुग्ण समोर असताना, नाशिकची तारीख मिळावी आणि क्ष-किरण सांगतात ते प्रश्नही तिथेच विचारले जावेत. दुसरे असे की यंत्र बंद पडले तर आपली प्रणाली सगळ्यांना क्षणात नवी तारीख पाठवेल, पण पहाटेच्या गाडीत बसून निघालेल्या माणसाला तो संदेश वणीत मिळाला काय आणि नाशिकच्या स्टँडवर मिळाला काय, त्याचा दिवस गेलेलाच असतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याचा अधिकार आणि त्याच्या खर्चाची तरतूद कोणाकडे असेल, ते आधी कागदावर यावे.