जपान: टोकियो, क्योटो, हिरोशिमा, ओसाका – सात दिवसांचा जेआर पास घ्यावा की सुटी तिकिटे?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे तिघे जपानला जाण्याचे ठरवत आहोत. नऊ रात्री हाताशी आहेत. टोकियोत चार, क्योटोत चार आणि ओसाकात एक, अशी ढोबळ विभागणी केली आहे. क्योटोच्या मुक्कामात एक दिवस हिरोशिमा व मियाजिमा बेट आणि एक दिवस नारा पाहण्याचा बेत आहे. विमान टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर उतरेल. परतीचेही तिथूनच घ्यावे, असे तूर्त मनात आहे, म्हणजे शेवटच्या दिवशी ओसाकाहून शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेने टोकियो आणि पुढे विमानतळ. विमानाची तिकिटे मात्र अद्याप काढलेली नाहीत.

ज्यांना विचारावे ते सगळे एकच सांगतात, की सात दिवसांचा जेआर पास (जेआर रेल्वेवर देशभर चालणारा पर्यटकांचा पास) घ्या आणि निश्चिंत व्हा. परंतु तिघांचे मिळून दीड लाख येन होतात, आणि एवढी रक्कम केवळ सर्वजण घेतात म्हणून खर्च करावी, हे मनाला पटत नाही. पास पाचव्या दिवसापासून सुरू केला तर या प्रवासात तो वसूल होईल का? कानाझावाचे केनरोकुएन उद्यान पाहण्याची माझी फार इच्छा आहे. ते या मार्गात बसवता येईल का? सासूबाईंना चालायला अडचण नाही, परंतु जिने चढताना दम लागतो, आणि आमच्याबरोबर दोन मोठ्या बॅगा असतील. या सर्वांचा विचार करून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रूळप्रेमी

आपल्याला मिळालेला सल्ला एके काळी अगदी बरोबर होता. सात दिवसांचा साधा पास 29,650 येनांना मिळत असे, तेव्हा टोकियो ते क्योटो जाऊन-येऊनच तो जवळजवळ वसूल होई आणि पुढचा सारा प्रवास फुकट पडे. 1 ऑक्टोबर 2023 पासून तोच पास 50,000 येनांचा झाला, चौदा दिवसांचा 80,000 आणि एकवीस दिवसांचा 1,00,000. सल्ला मात्र लोकांच्या तोंडी जुनाच राहिला आहे.

आता आपला हिशेब मांडू. शिनकानसेनच्या नोझोमी गाडीच्या आरक्षित आसनाचे टोकियो ते क्योटो भाडे सुमारे 14,000 येन आहे. क्योटो ते हिरोशिमा जाऊन-येऊन 23,000 च्या आसपास, आणि शिन-ओसाका (ओसाकाचे शिनकानसेन स्थानक) ते टोकियो 14,700 च्या आसपास. बेरीज 52,000 च्या घरात जाते. म्हणजे आपण आखलेल्या मार्गावर पास जेमतेम बरोबरीला येतो, आणि त्या बरोबरीतही एक खोट आहे: पासवर नोझोमी आणि मिझुहो या सर्वांत वेगवान गाड्या चालत नाहीत. त्यांत बसायचे असेल तर वेगळे पूरक तिकीट काढावे लागते आणि टोकियो–क्योटो अंतरासाठी ते एका वेळेला 4,960 येनांचे आहे. एरवी हिकारी या थोड्या संथ शिनकानसेनने जावे लागते. हिकारी वाईट नाही. नोझोमीला सव्वादोन तास लागतात तिथे ती साधारण दोन तास चाळीस मिनिटे घेते. परंतु नोझोमी दर काही मिनिटांनी सुटते आणि हिकारी तासाला दोनच असतात, म्हणून एक गाडी चुकली तर स्थानकावर ताटकळावे लागते.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न पासचा नाहीच. आपण ओसाकाहून टोकियोला परत कशासाठी जात आहात? केवळ विमान धरण्यासाठी. त्या परतीत माणशी 14,700 येन आणि सुट्टीचा जवळपास अख्खा दिवस जातो. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, ही आपल्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो; त्यात टोकियोला उतरणे आणि ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावरून परतणे, असे एकाच तिकिटात मागून पाहा. पुष्कळदा ते साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच पडते, आणि थोडे महाग पडले तरी वाचलेल्या रेल्वेभाड्याशी ताडून पाहावे.

असे जमले तर देशव्यापी पासची गरजच उरत नाही. पाचव्या दिवशी टोकियो ते क्योटो सुटे तिकीट काढा. सहाव्या दिवसापासून जेआर वेस्ट या पश्चिम जपानच्या रेल्वे कंपनीचा कन्साई–हिरोशिमा विभागीय पास वापरा. तो सलग पाच दिवसांचा आहे आणि ऑक्टोबर 2023 च्या दरवाढीनंतर त्याची किंमत 17,000 येन आहे. त्यावर शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकानसेन चालते, आणि तीही नोझोमीसह, जी सवलत 50,000 येनांच्या पासवर नाही! मियाजिमाची जेआरची फेरी बोट, क्योटो–ओसाका–नारा यांच्यातल्या जेआरच्या गाड्या आणि शेवटच्या दिवशी कन्साई विमानतळाला जाणारी हारुका एक्स्प्रेस, हे सारे त्यातच येते. सहा ते दहा असे आपले पाचही दिवस त्यात नेमके बसतात. दोन्ही मिळून माणशी खर्च 31,000 येनांच्या आसपास होतो, म्हणजे तिघांमागे पन्नास हजारांहून अधिक येन वाचतात.

एक बारकावा लक्षात ठेवावा. क्योटो ते शिन-ओसाका हा शिनकानसेनचा छोटा तुकडा टोकियो ते शिन-ओसाका या तोकाइदो मार्गाचा आहे आणि या विभागीय पासवर तो चालत नाही. म्हणून क्योटोहून साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात शिन-ओसाकाला यावे आणि तिथून शिनकानसेन धरावी. त्याहून सोपे म्हणजे क्योटोची एक रात्र कमी करून ओसाकाची वाढवा आणि हिरोशिमाची फेरी ओसाकाहून करा. शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीने दीड तासही लागत नाही.

दूरदेशी

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. कानाझावाबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न मागे राहिला.

कानाझावा आपल्या मार्गात बसते, आणि माझे मत विचाराल तर ते बसवावेच. टोकियोची एक रात्र कमी करून ती कानाझावाला द्या. टोकियोहून कागायाकी या शिनकानसेन गाडीने सुमारे अडीच तासांत तिथे पोहोचता येते. पूर्वी कानाझावाहून क्योटोला थंडरबर्ड ही एक्स्प्रेस थेट जात असे. 16 मार्च 2024 रोजी टोकियोहून कानाझावाला येणारी होकुरिकु शिनकानसेन पुढे त्सुरुगा स्थानकापर्यंत वाढली, तेव्हापासून कानाझावा ते त्सुरुगा शिनकानसेन आणि पुढे थंडरबर्ड, अशी गाडी बदलावी लागते. जुन्या प्रवासवर्णनांत थेट गाडीचा उल्लेख आढळला तर गोंधळू नये. त्सुरुगाला शिनकानसेन वरच्या मजल्यावर येते आणि थंडरबर्ड तळमजल्यावरून सुटते; मधे अदलाबदलीची फाटके आहेत आणि दोन गाड्यांमधली वेळ पुष्कळदा दहा मिनिटांच्या आत असते. सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत, तरी सासूबाईंसाठी लिफ्टच्या रांगेत थांबावे लागेल, हे गृहीत धरून शक्यतो एक गाडी सोडून त्यानंतरची आरक्षित करावी. कागायाकी आणि थंडरबर्ड या दोन्ही गाड्यांमध्ये सर्व आसने आरक्षित असतात, त्यामुळे आयत्या वेळी अनारक्षित डब्यात शिरू, हा विचार मनात नको.

या मार्गासाठी होकुरिकु आर्च पास नावाचा सात दिवसांचा पास आहे आणि टोकियो–कानाझावा–क्योटो–ओसाका या कमानीवर तो चालतो. मार्च 2024 मध्ये तो 24,500 वरून 30,000 येनांचा झाला. सुटी तिकिटे काढली तर टोकियो–कानाझावा 14,400 च्या आसपास आणि कानाझावा–क्योटो आठ हजारांच्या आसपास पडते. नारिताहून शहरात येणाऱ्या नारिता एक्स्प्रेसचे सुमारे तीन हजार येन त्यात मिळवले तरी बेरीज साडेपंचवीस हजारांच्या पुढे जात नाही. टोकियोत जेआरच्या गाड्यांनी खूप फिरणार असाल तरच हा पास बरोबरीला येईल. आपल्यासाठी ही दोन तिकिटे सुटी काढणे आणि पुढे रूळप्रेमींनी सांगितलेला विभागीय पास घेणे, हे मला अधिक योग्य वाटते. माणशी चाळीस हजार येनांच्या आत पाच ठिकाणे होतील आणि हिरोशिमा-नाराच्या फेऱ्या सोडल्या तर एकही रस्ता दोनदा तुडवावा लागणार नाही.

आता सामानाविषयी, कारण ज्येष्ठ माणूस बरोबर असताना भाड्यापेक्षा त्याचा विचार आधी करायला हवा असे मला मनापासून वाटते. जपानमध्ये हॉटेलच्या स्वागतकक्षातून बॅग थेट पुढच्या हॉटेलला पाठवता येते. या सेवेला ताक्क्युबिन म्हणतात. एका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन पडतात आणि टोकियोहून दिलेली बॅग क्योटोला बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. कानाझावाची एक रात्र मधे असल्याने हे आपल्याला अगदी सोयीचे आहे. दोन्ही बॅगा टोकियोहून क्योटोला पाठवा आणि एका रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत घेऊन कानाझावाला जा. बॅगा बरोबरच न्यायच्या असतील आणि पुढे कधी तोकाइदो किंवा (शिन-ओसाकाहून हिरोशिमाकडे जाणाऱ्या) सान-यो शिनकानसेनने जायचे असेल, तर लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेतली आसने आधी आरक्षित करावी लागतात. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र आरक्षणाशिवाय अशी बॅग आणली तर 1,000 येन द्यावे लागतात.

वाटसरू

आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. कन्साईहून परतण्याचा पर्याय आमच्या ध्यानातच आला नव्हता. आज शोधून पाहिले, तर तिकिटात फारसा फरक नाही. आता टोकियो तीन, कानाझावा एक, क्योटो तीन आणि ओसाका दोन, असे ठरवत आहोत.

दोन शंका उरल्या आहेत. शहरांतर्गत फिरण्यासाठी प्रत्येक ठिकाणी दिवसाचा पास घ्यावा का? आणि यजमानांचे म्हणणे असे, की मोठा पास असला तर मनात येईल तिथे उतरता येते, उदाहरणार्थ हिमेजीचा किल्ला; सुट्या तिकिटांत ते स्वातंत्र्य राहत नाही. हे खरे आहे का?

पाऊलवाट

यजमानांचे म्हणणे खरे आहे, पण आपल्या बाबतीत ते स्वातंत्र्य विभागीय पासही देतो. हिमेजी स्थानक शिन-ओसाका आणि हिरोशिमा यांच्या मधेच आहे आणि पाच दिवसांच्या पासवर तिथे उतरता येते. स्थानकातून बाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. परंतु हिरोशिमा, मियाजिमा आणि हिमेजी हे तिन्ही एका दिवसात घालू नयेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयातून बाहेर पडल्यावर माणसाला काही काळ स्वस्थ बसावेसे वाटते, आणि तो वेळ वेळापत्रकात राखून ठेवलेला असावा. हिमेजी ओसाकाहून वेगळ्या अर्ध्या दिवसात होते. मियाजिमाला जाताना ऑक्टोबर 2023 पासून माणशी 100 येन अभ्यागत कर द्यावा लागतो आणि बोट पासमध्ये असली तरी तो वेगळाच भरायचा असतो.

शहरांतल्या दिवसाच्या पासची घाई करू नका. आपण तिघांनी प्रत्येकी एक सुइका (आगाऊ पैसे भरून फाटकावर टेकवायचे प्रवासकार्ड) किंवा तत्सम कार्ड घ्यावे. एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. टोकियोत घेतलेले कार्ड क्योटो, ओसाका आणि हिरोशिमातही चालते, फक्त एका विभागात आत शिरून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. पर्यटकांसाठीच्या वेलकम सुइकाला अनामत रक्कम लागत नाही आणि ते 28 दिवस चालते, मात्र उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून थोडे थोडे पैसे भरावेत.

क्योटोचा मात्र वेगळा विचार करावा. तिथला केवळ बसचा दिवसभराचा पास गर्दीमुळे बंद करण्यात आला असून आता भुयारी रेल्वे व बस यांचा एकत्रित पास 1,100 येनांना मिळतो. बसचे एका वेळचे भाडे 230 येन आहे, तेव्हा तो पास दिवसातून पाच फेऱ्या झाल्या तरच परवडतो. नोव्हेंबरात पानगळीचे रंग पाहायला येणाऱ्यांची एवढी दाटी असते, की सासूबाईंना बसमध्ये उभे राहावे लागेल. फुशिमी इनारी मंदिरासाठी नारा मार्गावरचे इनारी स्थानक आणि आराशियामा या निसर्गरम्य भागासाठी सागा-आराशियामा स्थानक, ही दोन्ही जेआरची असून पासवर चालतात. शक्य तिथे रेल्वेच धरावी. नाराला जाताना पासचा लाभ सोडून किंतेत्सु या खासगी रेल्वेचा विचार अवश्य करावा, कारण तिचे स्थानक हरणांच्या उद्यानाच्या बरेच जवळ आहे आणि सासूबाईंची चाल वाचेल.

शेवटी एक नियम. जेआर पास आणि बहुतेक विभागीय पास ‘तात्पुरता अभ्यागत’ म्हणून आलेल्या परदेशी प्रवाशांनाच मिळतात आणि घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. पासचे दिवस चोवीस तासांच्या हिशेबाने नव्हे, तर कॅलेंडरच्या तारखांनी मोजले जातात. संध्याकाळी सुरू केला तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. म्हणून विभागीय पास आपल्या शेवटच्या दिवसापासून मागे पाच तारखा मोजून, त्या सकाळपासून सुरू करावा. नव्या आखणीतही ती तारीख क्योटोतली सहाव्या दिवसाचीच येते.